कुंपणाचा पाला

कुठल्याच औषधाला दाद न देणारे क्षयाचे जंतू कुंपणावरच्या साध्या पाल्याच्या अर्काने मेले, तेव्हा तिला राहवेना. तिने प्रयोगशाळेतूनच बाबांना फोन केला. तेच जंतू त्यांच्या छातीत ठाण मांडून बसले होते.

पुढच्या आठवड्यात ती घरी गेली ती खट्टू होऊनच. त्याच अर्काने प्रयोगात माणसाच्या यकृताच्या पेशीही मारल्या होत्या.

बाबा पेला घेऊन दारातच उभे होते. “तुझाच पाला! तुझा फोन आल्यापासून रोज उकळून पितोय.”

तिने त्यांना उजेडात ओढलं. डोळे पिवळेजर्द झाले होते.

“अशी काय बघतेस?” बाबा हसले. “लागण नको म्हणून तुझ्या आईलाही पाजतोय.”