सहावी ओळ

"वेळ बरोबर आहे," सेकंदराव म्हणाला.

मॅनेजरसाहेब त्याच्या खुर्चीमागे उभे होते. "नीट बघा. चौकशी अधिकारी बाई अकराला येतायत. अजून अर्धा तास आहे."

सेकंदराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कारखान्यातली सगळी घड्याळं त्याच्या ताब्यात, आणि कुणाच्याही घरी गेला की हा आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तोंड वाकडं करणार. नाव चिकटलं ते चिकटलंच. ताईचे यजमान, म्हणजे त्याचे भावोजी, तर दारातच चिडवायचे, "या सेकंदराव, आमचं घड्याळ लपवून ठेवलंय."

आज त्याच भावोजींच्या गळ्याशी आलं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी माल वाहणाऱ्या पट्ट्यात एक कामगार सापडला आणि गेला. धोक्याचा भोंगा वाजला ती वेळ एका यंत्राने टिपली, त्या पट्ट्यावर कामाला असलेल्या भावोजींनी तो थांबवायचं लाल बटण दाबलं ती वेळ दुसऱ्याने. दोन्हींत सदतीस सेकंदांचं अंतर. तेवढ्यात एक माणूस गेला. भावोजी एकच सांगत होते, मी लगेच दाबलं, पट्टाच थांबेना. ते खरं असेल तर दोष कंपनीचा. खोटं असेल तर भावोजी तुरुंगात.

सदतीस हा आकडा ऐकला तेव्हाच सेकंदरावच्या मनात पाल चुकचुकली होती. बटणाच्या यंत्रातलं घड्याळ जात्याच भिंतीवरच्या आणि भोंग्याच्या वेळेच्या सदतीस सेकंद पुढे असतं. ते किल्ली फिरवून लावायचं नसतं. त्याच्या छोट्या छोट्या फाइली असतात. फाइलीत आकडा लिहिला की घड्याळ निमूट ऐकतं. सदतीस लिहिले की सदतीस मागे येतं. फक्त वीज गेली की या फाइली पुसलेल्या पाटीसारख्या कोऱ्या होतात. म्हणून यंत्र सुरू होताना वाचायची एक वेगळी फाइल असते. तीत सगळं एकदा लिहून ठेवलं की काळजी मिटली.

"त्या दिवशी वीज गेली होती?" त्याने विचारलं.

"सकाळी गेली होती, पाचेक मिनिटं. पण यंत्र आपोआप लागतं ना? तुम्हीच तर बसवलंय."

त्याने ती सुरुवातीची फाइल उघडली. सहा ओळी. सहाव्या ओळीत सदतीस, ठसठशीत.

म्हणजे घड्याळ चुकलं नव्हतं. म्हणजे भावोजी खोटं बोलत होते.

त्याचा हात सवयीने खिळ्याला टांगलेल्या वहीकडे गेला आणि तसाच मागे आला. घड्याळाला बोट लावलं की वहीत लिहायचं, काम पुरं झालं की शेजारी बरोबरची खूण करायची, ही त्याची शिस्त.

"अजून वही ठेवता?" साहेब हसले. "फाइल कधी बदलली ते यंत्र स्वतःच नोंदवतं म्हणे." मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटतं हो. तुम्ही घरचे, म्हणून मुद्दाम तुम्हालाच बघायला सांगितलं. उद्या कुणी म्हणायला नको, कंपनीने परका माणूस आणून काहीतरी केलं. बसा निवांत. मी बाईंना फाटकावरून घेऊन येतो."

जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.

फोन वाजला. ताई.

"काय रे, सापडलं काही?"

"बघतोय."

"हे काल पहिल्यांदा पोटभर जेवले. म्हणाले, सेकंदराव बघतोय ना, मग झालं. तुला काही वाकडंतिकडं करायला सांगत नाहीये हां मी."

"माहीत आहे, ताई."

फोन ठेवल्यावर त्याला भावोजींचा भयंकर राग आला. घाबरला असशील, हात हलला नसेल, तर तसं सांग की. बायकोशी कशाला खोटं? पण ताईचं पुढे काय, हा प्रश्न रागाने सुटत नव्हता.

आयुष्यात त्याने कुणाला वेळ खोटी सांगितली नव्हती. त्याने पडद्यावरची सहावी ओळ पुसली. फाइल जतन केली. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. आता घड्याळ सदतीस सेकंद पुढे उठेल, आणि बाई ते स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. हे असंच चुकत होतं, असं तो सांगणार होता.

राहिली वही. तीन वर्षांपूर्वी यंत्र बसवलं तेव्हाचं ते एक पान फाडलं की झालं, नाहीतर सहावी ओळ पहिल्यापासून होती हे त्याचंच अक्षर सांगणार. त्याने वही काढली, पान शोधलं, चिमटीत धरलं.

सुरुवातीच्या फाइलीतल्या ओळी त्याने क्रमाने लिहून ठेवल्या होत्या. एक ते पाच. पाचांसमोर बरोबरच्या खुणा. खाली लिहिलं होतं, 'सदतीस आत्ता हाताने टाकले. सुरुवातीच्या फाइलीत उद्या घालणे.'

त्यापुढे खूण नव्हती.

त्याने पुढचं पान उलटलं, त्याच्या पुढचं, वहीच्या शेवटापर्यंत गेला. ते 'उद्या' तीन वर्षांत उजाडलंच नव्हतं, आणि अपघाताच्या दिवसापर्यंत वीज कधी गेली नाही म्हणून ते कळलंही नव्हतं. त्या दिवशी वीज आली तेव्हा घड्याळ खरंच सदतीस सेकंद पुढे उठलं होतं. भावोजींनी बटण लगेच दाबलं होतं. मग अपघातानंतर सहावी ओळ कुणी घातली, आणि कधी? फाइलीवर तारीख होती. दहा मिनिटांपूर्वीपर्यंत होती; आता तिथे आजची, त्याच्याच हातची.

दार उघडलं.

"या बाई," मॅनेजरसाहेब म्हणाले. "बाकी सगळं सावकाश बघू. आधी ती सुरुवातीची फाइल शेवटची कधी बदलली, तेवढं यांना दाखवायला सांगा."