दुभाषी बायको

परदेशात आठ वर्षं राबूनही सुताराच्या जिभेवर इंग्रजी रुळेना. बायको गेल्या वर्षी आली आणि फाडफाड बोलू लागली. त्याचा मुकादमही तिच्याच फोनवर निरोप देई. सुताराच्या पोटात दुखे. दोघांच्या इंग्रजीच्या वर्गात बाईंनी परदेशी आलेल्या जोडप्याचा सिनेमा दाखवला. पडद्यावर डॉक्टर विचारी नवऱ्याला, उत्तर देई बायको. सिनेमा थांबवून बाईंनी सुताराला विचारलं, “नवऱ्याला काय वाटत असेल?” तो मराठीतच म्हणाला, “जळतोय तो बायकोवर.” बायकोने बाईंना इंग्रजीत सांगितलं, “ही इज प्राउड.” हा शब्द सुताराला पाठ होता, बायकोचं कौतुक बाई दर आठवड्याला त्याच शब्दाने करायच्या. तो ताडकन उठला. “नो प्राउड!” छातीवर हात दाबून म्हणाला, “फायर!” परतताना बायकोने विचारलं, “मला आधी का नाही सांगितलंत?” “आपल्या भाषेत फार लागलं असतं गं.”