काळी कड

कड काळी पडली होती.

सर्जनबाईंनी चष्मा नीट केला आणि पुन्हा वाकून पाहिलं. काल जांभळट होती, आज काळी. बाळ जन्मलं तेच पाठ उघडी घेऊन. मेंदूच्या सर्जनने आतलं काम उरकलं, पण वरून झाकायला कातडीच नव्हती. मग बाईंनी कमरेजवळची कातडी एका टोकाला जोडलेलीच ठेवून उचलली, फिरवली आणि उघड्या जागेवर आणून शिवली. अशा कातडीला रक्त त्या एका टोकातूनच मिळतं. वर भार पडला की रक्त अडतं आणि ती मरते. म्हणून बाळाने पालथंच राहायचं. पाळण्यावरच्या पाटीवर ठळक अक्षरांत तसं लिहिलंही होतं.

जन्म गेला बाळांच्या पाठी शिवण्यात, म्हणून वॉर्डातल्या सिस्टर बाईंना मागून 'पाठराखीण' म्हणायच्या. एरवी बाईंना त्याची गंमत वाटे. आज लाज वाटली.

"माझंच चुकलं," त्या सिस्टरला म्हणाल्या. "कातडीचं जोडलेलं टोक अरुंद ठेवलं असणार."

ही कातडी गेली तर पाठ पुन्हा उघडी पडणार, जंतू थेट मेंदूपर्यंत पोचणार. आणि एवढ्याशा जिवाच्या अंगावर दुसरी कातडी आणायची कुठून?

वाचवायचं तरी कोणासाठी, हेही मनात आलंच. आई दुसऱ्या इस्पितळात तापाने फणफणलेली. बापाने तर सगळ्यांसमोर हात झटकले होते. बाळाचे पाय कधीच हलणार नाहीत हे कळल्यावर तो एवढंच म्हणाला होता, "आम्हाला नाही झेपणार. संस्थेत द्या." त्यानंतर तो कोणाला दिसला नव्हता. बाळाचा ताबा सोडल्याच्या कागदावर संस्थेच्या बाई आज त्याची सही घ्यायला येणार होत्या.

दुपारी सिस्टरांची पाळी बदलते. तेवढा वेळ कोपऱ्यातल्या पाळण्याकडे कोणाचं लक्ष नसतं. बाई विसरलेली वही घ्यायला परतल्या आणि दारातच थिजल्या.

पाळण्यापाशी बाप उभा होता. अंगावर कामाचे मळके कपडे. बाळ त्याच्या हातावर उताणं. मनगटाचं हाड नेमकं काळ्या कडेखाली. आणि तो बाळाच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी बाळ काढून घेतलं आणि पालथं केलं.

"पाटी वाचता येत नाही का?"

"येते. पण पालथं असलं की अर्धा चेहरा गादीत जातो." तो चाचरला. "सोडूनच जायचंय. म्हटलं, एकदा पूर्ण बघून घ्यावा."

"एकदा?"

त्याने मान खाली घातली. "रोज येतो."

बाईंनी त्याला कड दाखवली. तिच्यावर रोज त्याच्याच मनगटाचा भार पडत होता तेही सांगितलं, काही हातचं न राखता. स्वतःचा हात त्याने पाठीमागे लपवला आणि तो मागे सरकत दारापर्यंत गेला.

"परत नाही येणार मी," तो म्हणाला. "माझी सावलीसुद्धा नको त्याच्यावर."

बाईंच्या जिभेवर अजून बरंच काही होतं. ते त्यांनी गिळलं. कोपऱ्यातली आरामखुर्ची ओढून तिची पाठ खाली पाडली.

"शर्ट काढा," त्या म्हणाल्या. "पाठीवर त्याने नाही झोपायचं. तुम्ही झोपा."

तो झोपला. बाईंनी बाळ त्याच्या छातीवर पालथं ठेवलं, चेहरा त्याला दिसेल अशी मान हलकेच वळवली. बापाचे दोन्ही हात हवेत तसेच राहिले. कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. बाईंनी एक हात धरून बाळाच्या डोक्यावर ठेवला. मग त्या कडेवर वाकल्या. ती काळीच होती. शेजारची गुलाबी जागा टिकते की तीही जाते, हे आज कोणीच सांगू शकत नव्हतं.

दारात नव्या पाळीची सिस्टर आली. "संस्थेच्या बाई आल्यात. सहीसाठी बाळाच्या बाबांना खाली बोलावलंय."

बापाने नजर बाळावरून हलवली नाही.

"त्यांना सांगा," तो हळूच म्हणाला, "मला उठता येत नाही."