येणाऱ्यांची नोंद

धाकटा जेवायला आला नव्हता, भांडायला आला होता. त्याने खुर्ची ओढली त्या आवाजावरूनच थोरलीला ते कळलं. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, आज इकडे कसा वळलास?

"तुझा आकडा आज आम्हाला वाचून दाखवला, ताई," तो म्हणाला. "मॅनेजरने. उभं राहून."

थोरली सांख्यिकी कार्यालयात होती. महिन्याभरात कोणत्या उद्योगात किती नवे रोजगार झाले, तो आकडा तिच्या टेबलावरून निघे. पूर्वी माणसं कारखान्याकारखान्यांत जाऊन विचारत, आणि उत्तरं गोळा होईपर्यंत अर्धं वर्ष सरे. आता कोणाला काही विचारावं लागत नव्हतं. माणूस कामाला लागला की सरकारात त्याच्या विम्याची नोंद होते. त्या नोंदी मोजल्या की आकडा तयार. ही पद्धत तिनेच बसवली होती, आणि तिचा तिला अभिमान होता.

धाकटा काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता, कंत्राटी. आम्हाला कायम करा, असा अर्ज त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी केला होता. उद्या कामगार अधिकाऱ्यासमोर त्या अर्जाची सुनावणी होती. मॅनेजरने म्हणे थोरलीचा आकडा मोठ्याने वाचला, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि सांगितलं, सर्वांत जास्त नवी भरती काच उद्योगात झाली, असं सरकारच म्हणतंय. मग तुम्ही जुने कुठले? कालच्या नव्या माणसाला कायम करा असं कोणता अधिकारी म्हणेल? संध्याकाळपर्यंत निम्म्या लोकांनी अर्जावरची नावं मागे घेतली.

बोलता बोलता धाकट्याने खिशातून गळ्यात घालायची कार्डं काढली आणि तिच्यापुढे टेबलावर टाकली. तीन कार्डं होती, तीन कंत्राटदारांची. खरं तर कंत्राटदार एकच होता. तो फक्त कंपनीच्या नावाची पाटी बदलायचा. संध्याकाळी सगळ्यांचे राजीनामे लिहून घ्यायचा आणि सकाळी त्याच भट्टीवर त्याच माणसांना नव्याने कामावर घ्यायचा. नवं कार्ड, विम्याचा नवा नंबर.

"मी त्या भट्टीपासून हललो नाही," तो म्हणाला. "तुझ्या आकड्यात किती वेळा आलो?"

थोरलीला उत्तर ठाऊक होतं. वर्गात नवं मूल आलं की हजेरीत त्याचं नाव लगेच चढतं. शाळा सोडून गेलेल्याचं नाव मात्र कोणी लवकर खोडत नाही. इथेही तसंच होतं. येणाऱ्याची नोंद झाल्याशिवाय त्याला फाटकातून आत घेत नसत, म्हणून ती वेळेवर व्हायची. जाणाऱ्याची नोंद करायची घाई कोणालाच नव्हती. धाकट्याचे तिन्ही नंबर जिवंत होते.

"हे आम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "जुने नंबर बंद झाल्याचं कळलं की आम्ही आकडा दुरुस्त करतो."

"कधी?"

"पुढच्या वर्षी."

"मग पुढच्या वर्षी मॅनेजर तोही उभा राहून वाचेल?"

मग त्याने मागायचं ते मागितलं. उद्या तिने सुनावणीला यावं आणि फक्त एवढंच सांगावं, की या आकड्यातली माणसं नवी असतीलच असं नाही. थोरलीने नकारार्थी मान हलवली. कार्यालयाच्या आकड्यावर बाहेर बोलायची परवानगी नव्हती. बोललं तर नोकरी जायची. शिवाय एका भट्टीचं गाऱ्हाणं म्हणजे काही अख्खा देश नव्हे, हेही तिने ऐकवलं.

"हाक, उंटावरून शेळ्या हाक," तो म्हणाला. "खाली उतरू नकोस. पायाला राख लागेल."

"टक्केवारी ज्याला कधी जमली नाही, त्याने मला आकडे शिकवू नयेत."

आत भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळाने आई ताट घेऊन बाहेर आली आणि काहीच ऐकलं नसल्यासारखं तिने ते धाकट्यापुढे ठेवलं. त्याने ताटाकडे पाहिलं.

"एकच? ताईकडे मी तिघं आहे."

"जेवून घे रे."

"तिला वाढ, आई. मला ती पुढच्या वर्षी वजा करणार आहे."

तो गेला. दार त्याने आपटलं नाही, उघडंच ठेवलं. जिन्यावरून खालपर्यंत उतरत गेलेली त्याची पावलं दोघींनी ऐकली.

आईने कार्डं उचलून एकेक करून हाताने पुसली आणि ताटाशेजारी ओळीने मांडली. कंत्राटदाराचं नाव तिन्हींवर वेगळं होतं. फोटो मात्र तिन्हींवर एकच. नवा काढायचा त्रास कोणी घेतला नव्हता. त्यात धाकटा गळ्यापर्यंत बटणं लावून हसत होता.

आईने एक कार्ड उचलून डोळ्यांजवळ धरलं.

"हा शर्ट तूच घेतला होतास ना गं त्याला," ती म्हणाली, "कामाच्या पहिल्या दिवसासाठी?"