राजांचं पाऊल

"पुन्हा दोन पावलं," ओफेलिया स्वतःशीच पुटपुटली आणि व्यायामाची चटई हातात धरून तशीच उभी राहिली.

खिडकीखालच्या टेबलावर नाताळचा गोठा मांडला होता. पुठ्ठ्याची घरं, शेवाळाचे डोंगर, आरशाच्या तुकड्याचं तळं आणि तळ्याकाठी घरापेक्षा मोठी कोंबडी. ती कोंबडी तिचा नवरा अनिबाल दरवर्षी मुद्दाम पुढे ठेवायचा आणि ओफेलिया दरवर्षी ती उचलून डोंगरामागे दडवायची. उंटांवरचे तीन राजे काल संध्याकाळी तळ्यापाशी होते. आता ते तळ्यावरचा पूल ओलांडून गेले होते.

राजांनी रोज बोटभर पुढे सरकायचं आणि सहा जानेवारीला बाळ येशूपाशी पोचायचं, अशी घरोघरची रीत. पाऊल टाकायचा मान घरातल्या शेंडेफळाचा. मुलगी मार्लेनी लग्न होऊन मानिसालेसला गेली, तेव्हापासून शेंडेफळ म्हणजे कनेला कुत्री. तिला काही उंट धरता येत नाहीत. म्हणून जो तिच्या वतीनं राजे सरकवेल त्यानं तिला एक बिस्कीट द्यायचं, हा अनिबालचा कायदा.

"अहो, राजे तुम्ही हलवलेत का?"

अनिबाल कॉफीचा पेला घेऊन दारात उभा होता. "मी कशाला हलवू? तूच हलवलेस की सकाळी. माझ्या डोळ्यांदेखत."

"मी?"

"नाहीतर काय, कोंबडीनं?"

तो हसत परसात गेला. ओफेलियाला काहीच आठवत नव्हतं.

हे दोन आठवडे चाललं होतं. ती कनेलाची थाळी भरायला जायची तर थाळी भरलेली. झाडांना पाणी घालायला जायची तर कुंड्या तुडुंब. विचारलं की अनिबालचं उत्तर ठरलेलं, "अगं, तूच तर केलंस मघाशी." इतक्या ठामपणे सांगायचा की तिला स्वतःचीच शंका यायची. एप्रनच्या खिशात ती गुपचूप कागद ठेवू लागली होती. 'सोमवार, राजे तळ्यापाशी.' पण राजे कुणी हलवले ते कागद सांगत नव्हता.

तिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग मीठ. शेवटी शेवटी तर समोर बसून भरवणाऱ्या ओफेलियालाच ती विचारायची, "बाई, माझी मुलगी कधी येणार हो?" हे सुरू झालं तेव्हा आई एकोणसत्तर वर्षांची होती. ओफेलिया मार्चमध्ये एकोणसत्तरची होणार होती.

स्वतःचं काय व्हायचं ते होवो. पण अनिबालला साधी चूल पेटवता येत नव्हती. मोजे कुठे असतात तेही बायकोला विचारणारा माणूस. आपण कामातून गेलो तर याचं कोण बघणार, या विचारानं ती रात्र रात्र जागी राहायची.

तिनं गोठ्यासमोरच चटई अंथरली. ऑगस्टमध्ये गुडघा मोडल्यापासून डॉक्टरांनी व्यायाम लावून दिला होता आणि मार्लेनीचा आईवर काडीचा विश्वास नव्हता. रोज मोबाईलवर व्हिडिओ काढून पाठवायचा, असा तिचा हुकूम. ओफेलियानं मोबाईल मेणबत्तीच्या स्टँडला टेकवला आणि उताणी पडून पाय उचलला. चौथ्या वेळी कनेला आली आणि नेहमीप्रमाणे तिच्या पोटावर बसली.

"ऊठ गं बये. पोत्यासारखी झालीयेस नुसती. खाण्याशिवाय काही सुचतं का तुला?"

कनेलानं तिचं नाक चाटलं. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला आणि ओफेलिया कशीबशी उठून स्वयंपाकघराकडे लंगडत पळाली.

ती परत आली तेव्हा राजे गोठ्याच्या दाराशी होते.

आपण दुधाकडे गेलो होतो की इथेच होतो? मग तिची नजर मोबाईलवर गेली. तो अजून चालूच होता.

तिनं तो उचलला, आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसली आणि देवाचं नाव घेऊन व्हिडिओ लावला. स्वतःला राजे हलवताना बघायचं म्हणजे आईच्या खोलीत पाऊल ठेवण्यासारखंच होतं. तिनं ते काळजाचा दगड करून बघायचं ठरवलं.

पाय वर. कनेला पोटावर. "ऊठ गं बये." मग रिकामी चटई. मग अनिबाल आला, राजे बोटभर सरकवले, कनेलाला बिस्कीट दिलं आणि गेला. थोड्या वेळानं पुन्हा आला. पुन्हा राजे, पुन्हा बिस्कीट.

ओफेलिया तोंडावर पदर धरावा तसा एप्रन धरून हसली. हसता हसता रडली. अठ्ठेचाळीस वर्षं कॉफीत मीठ घालून आणि चपला लपवून पोट भरलं नव्हतं, म्हणून आता हे. मेला थट्टेखोर म्हातारा. आपण ठीक आहोत. आपल्याला काहीही झालेलं नाही.

ती मोबाईल नाचवत बाहेर आली. अनिबाल गोठ्यासमोरच उभा होता.

"सापडला चोर," ती म्हणाली.

तो हसला नाही. त्यानं तिचा हात धरला आणि तिला खुर्चीत बसवलं.

"ओफेलिया, रागावू नकोस. मार्लेनीला मी अजून काही बोललेलो नाही." त्याचे डोळे भरून आले होते. "पण तू हल्ली फार विसरतेस गं. राजे बघ कुठवर आणून ठेवलेस. मला काळजी वाटते तुझी."

तिनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. थट्टा करताना त्याच्या डाव्या गालावर सुरकुती पडायची. ती तिथे नव्हती.

"असू दे. मी आहे ना," तो म्हणाला. "आजचं पाऊल तेवढं राहिलंय." मग त्यानं वाकून तिन्ही उंट बोटभर पुढे सरकवले आणि कनेलासाठी बिस्किटांचा डबा उघडला.