बोरगाव मेघेचं विमानतळ

"सांगितलं तर कोणी मानणार नाई," पायलटच्या सीटवर बसून प्रभाकरराव म्हणाले, "पण आज सकाळी, याच खोलीतून, मीनं नागपूरच्या धावपट्टीवर विमान उतरवलं."

दाराला टेकून उभा असलेला किराणावाला ओमप्रकाश फिसकन हसला. "उतरवलं का आदळलं, काकाजी?"

हसण्यासारखंच होतं. प्रभाकरराव जिनिंग प्रेसमधून रिटायर झालेले फिटर. नागपूरच्या भंगारबाजारातून एका मोडीत निघालेल्या विमानाचे तुकडे त्यांनी पोत्यात भरून आणले होते. उंची दाखवणारं घड्याळ, होकायंत्र, हातात धरायची दांडी आणि ही सीट. घड्याळावरचा गंज त्यांनी रॉकेल लावून, दातांच्या ब्रशनं घासून काढला. जुन्या प्रिंटरची मोटर बसवून त्याचा काटा कम्प्युटरवरच्या विमानाच्या खेळाशी जोडला. विमान चढलं की काटा चढे, उतरलं की उतरे. पायाशी पॅडल हवे होते, तर बायकोच्या शिवणमशीनचा लोखंडी पायटा करवतीनं मधोमध कापून दोन केले. तीन वर्षांत कॉकपिट असं झकास उभं राहिलं, की खऱ्या पायलटनं येऊन सलाम ठोकावा. जमलं नाही ते एकच. विमान उतरवणं. कधी ते शेतात घुसे, कधी इमारतीत, आणि जमीन हातभर राहिली की नेमकं लोडशेडिंग होई.

पायटा कापला त्याच दिवशी देवकाबाईंनी गल्लीच्या नळावर पंधरा बायांसमोर जाहीर केलं होतं, पोळ्याच्या आत हे सारं भंगारात. आणि देवकाबाई बोललेला शब्द गिळत नसत. गल्लीतल्या बाया रोज विचारत, "काढलं का वो भंगार?" उद्या पोळा होता. लहानू कबाडी तराजू घेऊन खोलीत हजर होता. होकायंत्र त्यानं कधीच पोत्यात टाकलं होतं. आता तो उंचीच्या घड्याळाचे स्क्रू काढत होता.

"हे पाहा," प्रभाकररावांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

ओमप्रकाश वाकून पाहू लागला. हसू जागच्या जागी थांबलं. पडद्यावर विमान खरंच धावपट्टीवर उभं होतं. पंख शाबूत. चाकं शाबूत. मधल्या पांढऱ्या रेघेवर, जणू कोणी फूटपट्टी लावून ठेवलं होतं.

"आयला! हे तर सच्ची उतरलं!"

सकाळी बाजारातून आल्यावर प्रभाकररावांनीही ते असंच, आधीच उतरलेलं पाहिलं होतं. सीट नेहमीपेक्षा वीतभर पुढे सरकलेली होती. हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आताही त्यांनी फक्त स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि घसा खाकरला.

"पण उतरवलं म्हंजे काय उतरवलं, ओमप्रकाश! नुसती फजिती. आडवा असा वारा सुटला, का इमान कटलेल्या पतंगासारखं हेलकावे खात होतं. लोडशेडिंगले पाच मिनिटं बाकी. खाली पाहतो, तर धावपट्टीवर म्हशी बसेल होत्या!"

"कम्प्युटरमंदी म्हशी?" लहानूनं स्क्रू काढता काढता विचारलं.

"सतरा! मोजल्या मीनं. हात असे लटपटले का दांडी सुटली. पायाचं तं इचारूच नको. उजवा दाबायचा तं डावा दाबे. शिकाऊ माणसाचं असंच राह्यते."

स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज चालू होता. तो जरा जोरात येऊ लागला.

"मंग धाडकन आदळलं. बेडकासारखं उसळलं. पुन्हा आदळलं, पुन्हा उसळलं. तीनदा! नागपूरच्या टॉवरवाल्यानं कानावर हात ठेवले. म्हणे, बोरगाव मेघेवाल्याहो, हे इमान हाय का बैलबंडी?"

लाटणं थांबलं.

ओमप्रकाशनं डोळे बारीक केले. "काकाजी, आजवर तुमी सोताची तारीफ करत आले. आज सोताचीच बेइज्जती काऊन करून राह्यले?"

"खरं थे सांगा लागते, बाप्पा." प्रभाकररावांचा चेहरा एखाद्या साधूसारखा झाला होता. "ज्यानं कोणी हे इमान उतरवलं असन, त्याले अक्कल नोती. नशिबानं वाचलं. देऊन टाक लहानू, सारं तोलून घे. अशा अडाणी पायलटच्या हाती असं सामान शोभत नाई."

लहानूनं घड्याळ सुटं करून तराजूच्या पारड्यात ठेवलं. पारडं खाली गेलं. त्यानं वजन शोधायला पोत्यात हात घातला.

तेवढ्यात देवकाबाई पिठाच्या हातांनी तरातरा आत आल्या. कोणाकडे न पाहता त्यांनी पारड्यातलं घड्याळ उचललं, पदरानं पुसलं आणि पोटाशी धरलं. लहानू वजन हातात घेऊन तसाच राहिला. देवकाबाईंचं नाक लाल झालं होतं. तोंड दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. नळावरच्या पंधरा बाया डोळ्यांसमोर येऊन गेल्या असाव्यात.

प्रभाकररावांनी हळूच, अगदी प्रेमानं विचारलं, "का वो, चुकलं का काही? तीन का चार उसळ्या?"

"खोटं! धडधडीत खोटं बोलून राह्यले तुमी!" देवकाबाई कडाडल्या. "एक उसळी नाई मारली त्यानं! फुलावानी टेकवलं मीनं, पह्यल्याच दमात!"