पिवळे तळहात

"पाहा, पाहा हे!" केशरबाईने गंगूचे दोन्ही तळहात नणंदेपुढे धरले. "पिवळेधम्मक! कावीळ झाली पोरीले. तुमच्या गाजरानं झाली, बाई."

गाजरांची टोपली तिने आधीच म्हशीपुढे रिकामी केली होती. म्हैस मजेत चावत होती.

बेबीताईने खाली बसून नऊ वर्षांच्या भाचीच्या पापण्या वर केल्या. गाजरांचा हा प्रकार तिनेच दोन महिन्यांपूर्वी सुरू केला होता. रोज किलोभर, तेलात परतून. गंगूला ऊन सोसत नसे. पंधरा मिनिटांत हातातोंडाची आग आग होई. फोड एकही दिसत नसे, पण पोर किंचाळत रांजणात हात बुडवून बसे. नागपूरच्या डॉक्टरांनी दुखण्याचे नाव सांगितले. परदेशात अशा रोग्यांना गाजरातला रंग देऊन पाहतात, हेही त्यांनीच सांगितले.

"डोळे तं पांढरेशिप्पट आहेत, वहिनी. कावीळ आधी कुठं दिसते?"

"डोळ्यात," केशरबाई नाइलाजाने म्हणाली. "मंग हे पिवळं कायचं?"

"गाजराचा रंग. कातडीत जाऊन बसला. बसावा म्हनूनच तं खाऊ घालून राह्यलो."

बेबीताई नागपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे, आणि उरलेल्या वेळात याच रंगावर प्रयोग करत असे. तिने भावजयीला समजेल असे सांगून पाहिले. "हिच्या रक्तात एक रंगद्रव्य जास्ती आहे. त्याच्यावर ऊन पडलं का ते प्राणवायूले पिसाळून सोडते. पिसाळलेला प्राणवायू पान्यात लगेच मरते. सेकंदाचे दहा लाख भाग केले, तं दोन-चार भाग टिकते. पन चरबीत जास्ती जगते. अन् आपल्या कातडीत कनाकनाले चरबीचं अस्तर आहे. तिथं तो चावते. गाजराचा रंगही त्याच चरबीत मुरते. पिसाळलेला दिसला का त्याले थंड करते."

"दहा लाखातले दोन-चार भाग!" केशरबाई हसली. "येवढ्यात तं माही पापनीही नाई लवत. अन् पोरगी दोन दिवस रडते?"

"एकटा नसते ना तो. फौज असते."

केशरबाईचे हसू विरले. "मंग मामाजीले हेच होतं?"

मामाजी म्हणजे बेबीताईचे वडील, जानराव. भर उन्हाळ्यात हातांना चिंध्या बांधून फिरणारे. गोठ्यातले, छपरातले काम ते कितीही करत. शेतात चला म्हटले की नाही म्हणत. सारा गाव त्यांना कामचोर म्हणे. बेबीताईनेही लहानपणी एकदा तोंडावर म्हटले होते. गेल्या चैत्रात ते गेले. अंत्ययात्रेत तिने त्यांच्या या अनसिंग गावाच्या वेशीपासून शेवटपर्यंत त्यांच्यावर छत्री धरली. कोणी हसले नाही.

"हेच होतं," ती म्हणाली. "चाल गंगू, शाळेत जाऊ. रंग बसला, आज उन्हात बसून पाहू."

गल्लीपलीकडे शाळा होती. पौषाच्या गारठ्यात फुलसिंग गुरुजी वर्ग उचलून अंगणात आणत. पोरे उन्हाकडे पाठ करून बसत, आणि गंगू एकटी आतल्या थंडगार फरशीवर. दारातून ऐकू येईल तेवढे शिकायचे.

केशरबाई आडवी आली. "अन् जळली तं?"

"लगेच आत घेऊ. अन् गाजर बंद. पुन्हा नाव नाई काढनार."

बेबीताई हे बोलली खरी, पण तिला खात्री नव्हती. तिने आजवर मोजले ते बाटलीत. बेन्झिन या द्रावकात हा रंग किती काम करतो ते तिला तोंडपाठ होते. गंगू म्हणजे बेन्झिनची बाटली नव्हती. आणि आज हरली, तर केशरबाई पोरीला पुन्हा कधी उन्हात सोडणार नव्हती.

"गुरुजी, सावलीची रानी आली!" पोरे ओरडली.

"गप रे! सरका, जागा द्या तिले," गुरुजी म्हणाले. "ये गंगू, आज तुही हजेरी बाहेर."

गंगू पोरांच्या टोकाला बसली. पाटी मांडीवर, तोंड उन्हाकडे. बेबीताई घड्याळ पाहत भिंतीशी उभी राहिली. केशरबाईने ओले फडके आणि पाण्याचा तांब्या तयार ठेवला होता.

दहा मिनिटे झाली. पंधरा झाली. गुरुजी नऊचा पाढा म्हणून घेत होते. गंगूचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

विसाव्या मिनिटाला तो थांबला. गंगूने पाटी बाजूला ठेवली आणि हातावर हात घासू लागली. दुखण्याची सुरुवात नेहमी अशीच होई.

बेबीताईचे बोट घड्याळाच्या काचेवर तसेच राहिले. केशरबाई तांब्या टाकून धावली. पोरे तुडवत ती लेकीसमोर जाऊन उभी राहिली, सूर्याकडे पाठ करून, दोन्ही हातांनी पदर ताणून धरून. गंगूवर तिची लांब सावली पडली.

"कुठं दुखते? दाखव, माय! कुठं?"

गंगूने मान वर केली. साऱ्या वर्गासमोर आई अशी आल्याने ती शरमली होती.

"सरक ना वं बाजूले," ती पुटपुटली. "ऊन अडवून राह्यली. हात गारठले माहे."